चूल पेटली का?

(गुरुजींच्या स्मृतिदिनी रिठद येथे झालेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी आईच्या मिक्सरचा कपलर बदलत बसलो होतो. विषय सांगितला गेला : इंटरनेटला जोडलेली स्वयंपाकघरातली उपकरणं खरंच कामाची आहेत का? फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणत होते?" मी सांगितलं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "फ्रिजले इंटरनेट लावलं त दूध नासत नाही काय?" म्हटलं, नासते. "मंग?"

खरं तर व्याख्यान तिथंच संपलं होतं. पण तुम्ही सतरंज्या अंथरल्या आहेत, माइक लावला आहे, तेव्हा त्या 'मंग?'च्या पुढचं थोडं बोलतो.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या पोरांना तीस वर्षं शिकवलं. त्यामुळे कुठलंही यंत्र समोर आलं की आधी माझा हात टेस्टरकडे जातो, मत नंतर बनतं. यंत्रांशी माझं वैर नाही. पाट्यावर मिरच्या वाटून आईच्या बोटांची जी आग व्हायची ती मी पाहिली आहे. तेव्हा 'जुनं ते सोनं' ऐकायला कोणी आलं असेल तर त्यानं चहा घेऊन घरी जायला हरकत नाही.

आधी घरचीच गोष्ट. चार वर्षांपूर्वी माझ्या पुतण्यानं पुण्याहून आजीसाठी एक कुकर पाठवला. वाय-फायवाला. फोनवरून चालू होणार, भात झाला की फोनवर सांगणार. सुट्टीत तो स्वतः आला आणि अख्खी दुपार त्याच्या मांडणीत गेली. कुकरला नेट पाहिजे म्हणून पोराचा फोन कोनाड्यात ठेवला, कारण रेंज फक्त तिथंच. मग अॅप म्हणालं, खातं उघडा. नाव दिलं. ठिकाण दिलं. मग त्यानं आजीची जन्मतारीख मागितली. आई म्हणाली, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली म्हणतात, करीच्या." अॅपमध्ये करीला जागा नव्हती. शेवटी १ जानेवारी टाकली. निम्म्या गावाची आधार कार्डावर तीच आहे म्हणा.

एवढं झाल्यावर कुकर तयार झाला. आता प्रश्न असा की फोनवरून तो चालू कोण करणार आणि कधी? पुतण्या पुण्याहून करू शकत होता. पण तांदूळ निवडून, धुऊन, पाणी घालून आत ठेवायला माणूस इथंच पाहिजे, आणि जो माणूस एवढं करतो त्याला शेवटचं बटन दाबायला वेगळे कष्ट नाहीत. सकाळी घालून ठेवावे आणि दुपारी शेतातून चालू करावा, तर वऱ्हाडातला मे महिना तुम्हाला माहीत आहे. ४४ अंशांत चार तास भिजलेल्या तांदळाचा भात होण्याआधी दुसरंच काही होतं. त्यात लाईन गेली आणि आली की कुकर नेट विसरायचा. पुतण्या परत गेला, त्याच्याबरोबर त्याचा फोनही गेला. आता त्या कुकरात कुरडया असतात. झाकण घट्ट आहे, मुंग्या लागत नाहीत. त्या बाबतीत वस्तू उत्तम.

हा घोळ आमच्याच घरचा असता तर मी गप्प बसलो असतो. पण यंत्र नेटला जोडायचं वेड जगभर असंच चालत आलेलं आहे. १९९० साली अमेरिकेत एका तांत्रिक प्रदर्शनात जॉन रोमकी नावाच्या इंजिनिअरनं ब्रेड भाजायचा टोस्टर इंटरनेटला जोडून दाखवला. संगणकावरून वीज चालू करायची, बंद करायची, आणि जितका वेळ चालू तितका ब्रेड लाल. लोक थक्क झाले. पण ब्रेडचा तुकडा टोस्टरमध्ये कोणी ठेवायचा? माणसानं! पुढच्या वर्षी तेवढ्यासाठी एक छोटी यांत्रिक क्रेन बसवली, ती ब्रेड उचलून आत टाकायची. म्हणजे एका बटनाचा त्रास वाचवला आणि त्यापायी क्रेन आणावी लागली. आमच्या आईचा तांदूळ कोणी धुवायचा हा प्रश्न १९९० मध्येच पडला होता, आणि क्रेनशिवाय त्याला उत्तर मिळालं नव्हतं.

त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, हनीवेल कंपनीचा 'किचन कॉम्प्युटर' अमेरिकेतल्या एका बड्या दुकानाच्या कॅटलॉगात झळकला होता. किंमत १०,६०० डॉलर. पाककृती सांगणार म्हणे, पण त्याच्याशी बोलायला दोन आठवड्यांचं शिक्षण घ्यावं लागे. त्याला भाजी चिरायचा पाट मात्र जोडलेला होता. स्वयंपाकासाठी तो कोणी विकत घेतल्याची नोंद नाही. २००० साली एलजीनं इंटरनेटवाला फ्रिज काढला, २०,००० डॉलरच्या वरचा. तोही चालला नाही. आणि जुसेरोचं नाव तुम्ही ऐकलं नसेल : रस काढायचं वाय-फाय यंत्र, सुरुवातीची किंमत ७०० डॉलर, कंपनीनंच विकलेल्या फळांच्या पिशव्या त्यात दाबायच्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये पत्रकारांनी ती पिशवी नुसत्या हातानं पिळून दाखवली, जवळपास तितकाच रस निघाला. सप्टेंबरात कंपनी बंद. आपल्याकडे रसवंतीवाल्यानं हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

या सगळ्यांत एकच गंमत मला खरी वाटते. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली एका कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला होता. कारण साधं. माणसं वेगवेगळ्या मजल्यांवर बसायची, जिने उतरून यायची आणि भांडं रिकामं! म्हणून आपल्या जागेवरून बघायचं, कॉफी आहे की संपली. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर आलं, आणि २००१ मध्ये कॅमेरा बंद केला तेव्हा ते बिघडलेलं भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. हसण्यासारखं आहे, पण त्या लोकांना एक गोष्ट बरोबर कळली होती. मध्ये जिना होता. आमच्या आईच्या ओट्यापासून कुकर किती लांब? हात लांबवला की हाताला लागतो.

हेच माझं मोजमाप आहे, आणि ते मी इथल्याच शेतात शिकलो. शेतीच्या फीडरला थ्री फेज लाईन आळीपाळीनं मिळते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर थंडीत रात्री बारा वाजता उठून बांधाबांधानं विहिरीवर जायचं. टॉर्च, काठी, पायात साप. जाऊन बघावं तर लाईन एकाच फेजवर. परत या. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी यावर 'नॅनो गणेश' नावाचा डबा काढला. आपल्या आजोबांची ही रात्रीची पायपीट त्यांनी लहानपणी बघितलेली. तो डबा स्टार्टरला जोडायचा, आत मोबाइलचं सिम. घरून फोन लावला की लाईन आहे का कळतं, मोटर चालू होते, बंद होते. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट अशी की ज्याला अॅप म्हणजे काय ते माहीत नव्हतं असा शेतकरीही ते वापरायला लागला. कोणी त्याला पटवून द्यावं लागलं नाही. दोन किलोमीटरचा अंधार त्याला पुरेसा पटलेला होता.

इथं जरा आडवळण घेतो. आपल्याकडे मोटरला 'ऑटो' लावतात. लाईन आली की मोटर आपोआप सुरू. सोय मोठी, पण सगळ्यांनीच ऑटो लावला की लाईन आल्याबरोबर सगळ्या मोटरी एका क्षणी उचलतात आणि डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर जळतो. मग आठ-दहा दिवस कोणालाच पाणी नाही. यंत्र आपोआप चालणं आणि माणसानं लांबून चालवणं यात फरक आहे. तो फरक न शिकलेल्या पोराला मी कधी पास केलं नाही.

तर स्वयंपाकघराकडे परत येऊ. तिथं कोणी गंभीरपणे काम केलंच नाही असं नाही. सिंगापूरमध्ये प्रणोती नागरकर यांनी, आडनावावरून आपल्याच मुलखाशी नातं सांगता येईल अशा मेकॅनिकल इंजिनिअरनं, पती ऋषी इसरानी यांच्याबरोबर २००८ मध्ये कंपनी काढली आणि पुढची आठ वर्षं एका प्रश्नावर घालवली : पोळी. त्यांचं 'रोटिमॅटिक' एका बाजूनं पीठ, पाणी, तेल घेतं, गोळा करतं, दाबतं, भाजतं, फुगवतं आणि दीड मिनिटाला एक पोळी बाहेर टाकतं. ते वाय-फायला जोडलेलं असतं, मुख्यतः आतला प्रोग्रॅम सुधारता यावा आणि बिघाड लांबून शोधता यावा म्हणून. सुरुवातीला सिंगापूर आणि अमेरिकेत विकलं गेलं, हजार डॉलरच्या आसपास.

मला या यंत्राबद्दल आदर आहे. ज्यानं कणीक मळण्याचं यंत्र कधी उघडून पाहिलं आहे त्याला कळेल की पीठ किती हट्टी असतं. लोखंड रोज सारखंच वागतं. पीठ पावसाळ्यात वेगळं, उन्हाळ्यात वेगळं, गिरणीवाल्यानं दगड टाचल्यावर वेगळं. न्यू जर्सीत दोघंही नोकरी करणारी, बाहेर बर्फ, आणि पोळी करणारी बाई मिळत नाही, अशा घरात ते चैनीचं म्हणता येणार नाही.

पण गव्हाला चिकाटी असते. ज्वारीला नसते. भाकरीचं पीठ आधणाच्या पाण्यानं मळावं लागतं, आणि दळून आठ दिवस झाले की त्याची विरी जाते. मग थापताना कड फाटते. आई काठवटीत मूठभर पीठ घेऊन पहिल्यांदा नुसतं पाणी शिंपडते, मुठीत दाबते, उघडते. गोळा कसा फुटतो त्यावरून पुढचं पाणी किती तापवायचं ते ठरतं. हे सगळं पाच सेकंदांत होतं आणि ती तेव्हा माझ्याशी सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत असते. तिच्या तळव्याला जे कळतं ते यंत्राला शिकवायचं तर किती सेन्सर लागतील, याचा मी एकदा कागदावर हिशेब मांडला होता. कागद संपला.

आता दुरुस्तीचं. १९६३ मध्ये मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरच्या घरी परदेशी मिक्सर जळाला. दुरुस्तीची सोय नव्हती. बायको म्हणाली, तुम्हीच करा. त्यातून पुढे 'सुमीत' आला, खोबरं, डाळ, सुकी मिरची सहन करणारी मोटर घेऊन. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी तो अजून असेल. कार्बन घासला, बदला. कपलर गेला, बदला. कंपनी काही म्हणो, वाशीमच्या दुकानात भाग मिळतो. इंटरनेटवाल्या यंत्राचं तसं नाही. त्याची अर्धी अक्कल दुसऱ्या देशातल्या संगणकात असते. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन नावाच्या अमेरिकी कंपनीनं एके दिवशी आपले सर्व्हर बंद केले आणि हजारो घरांत फोनवरची बटनं मुकी झाली. तार शाबूत, बल्ब शाबूत, मालक लांबचा. अशा यंत्राला माझा टेस्टर लावून उपयोग काय? २०२५ मध्ये तर सॅमसंगनं अमेरिकेत फ्रिजच्या दारावरच्या पडद्यावर जाहिराती दाखवायला सुरुवात केली. पैसे आपण दिले, जागा आपली, लाईनचं बिल आपलं, आणि भिंत त्यांची.

बिलावरून आठवलं. असं यंत्र झोपेतही दोन वॅट खातं असं धरलं, तर वर्षाला साडेसतरा युनिट होतात. फार नाही. पण घरात अशी दहा यंत्रं जागी ठेवली तर हिशेब करून बघा.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगितल्यावर संयोजक म्हणतील हा विषय नव्हता. रिठदचं स्वयंपाकघर इंटरनेटला केव्हाच जोडलं गेलेलं आहे. सिलिंडर फोनवरून लागतो. तो दारात आला की फोनवर आलेला आकडा सांगावा लागतो. रेशनच्या दुकानात अंगठा लावावा लागतो, आणि रेंज नसेल तर गहू पोत्यातच राहतो. रोजगार हमीवर, शेतात काम करून ज्या बाईच्या अंगठ्याच्या रेघा घासल्या गेल्या आहेत तिला तो यंत्रावर तीन-तीनदा पुसून लावताना तुम्ही पाहिलं आहे. पुण्यामुंबईत 'स्मार्ट किचन' म्हणतात तेव्हा डोळ्यांपुढे चकचकीत ओटा येतो. माझ्या डोळ्यांपुढे ती रांग येते. हे जोडणं कामाचं आहे का? चोरी कमी होत असेल तर आहे. रेंज नाही म्हणून पोतं बंद राहत असेल तर नाही.

एवढं बोललो आणि गुरुजींचं नाव काढलं नाही, म्हणून समोरची जुनी मंडळी अस्वस्थ झाली आहेत. काढतो.

१९७२ चा दुष्काळ. मी तिसरीत. गावात सुकडी वाटली जायची, बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी लोक नाक मुरडून खायचे. गुरुजी सकाळी शाळेकडे येताना सरळ रस्त्यानं यायचे नाहीत. आडव्या गल्ल्यांतून, मान वर करून यायचे. आम्हाला वाटायचं, पाखरं बघतात. फार वर्षांनी कळलं, ते धूर बघत. कुठल्या घरावर धूर आहे, कुठल्या घरावर नाही. जिथं नाही त्या घरचं पोर मधल्या सुट्टीत काहीतरी निमित्तानं त्यांच्या खोलीवर बोलावलं जायचं. फळा पुसायचं कापड आण, खडूची पेटी ने. खोलीवर भाकरी झाकून ठेवलेली असायची. मी दोनदा खडूची पेटी नेली आहे.

धूर म्हणजे निरोप होता. सकाळी शेजारीण विस्तव मागायला यायची तेव्हा ती विस्तवाबरोबर घरची खबरही नेत-आणत होती. पुढे गॅस आला, २०१६ नंतर उज्ज्वलामुळे उरलेल्या बऱ्याच घरांतही आला. फार चांगलं झालं. चुलीपुढे बसून लाल झालेले डोळे आणि तो खोकला ज्यांनी ऐकला आहे ते चुलीची गाणी गाणार नाहीत. पण गॅसला धूर नसतो. आता घरात चहा झाला की नाही ते रस्त्यावरून कळत नाही. आणि घरात राहिलं आहे कोण? माय-बाप. पोरं पुण्याला, नाशिकला, बंगलोरला.

जपानमध्ये १९९६ साली टोकियोच्या इकेबुकुरो भागात सत्त्याहत्तर वर्षांची आई आणि तिचा आजारी मुलगा घरात उपासमारीनं मेलेले सापडले. एवढ्या गजबजलेल्या शहरात कोणालाच कळलं नव्हतं. एका डॉक्टरनं सुचवलं की रोज वापरायच्या वस्तूनंच खबर द्यावी असं काही करता येईल का. जपानी म्हातारा माणूस दिवसातून कितीदा तरी चहा घेतो, गरम पाण्याचं विजेचं भांडं घरोघर असतं. झोजिरुशी कंपनीनं मार्च २००१ मध्ये ते भांडं जोडलं. म्हाताऱ्यानं पाणी ओतलं की त्याची नोंद होते, आणि लांबच्या मुलीला दिवसातून दोनदा निरोप जातो. भांडं पाणी जास्त चांगलं तापवत नाही. पाककृती सांगत नाही. कॅमेराही नाही. आईनं चहा घेतला, एवढंच.

हे वाचलं तेव्हा मला आडव्या गल्लीतून मान वर करून येणारे गुरुजी दिसले.

मी आईला विचारलं, तुझ्या किटलीला असं काही लावू का? डॉक्टरांनी सकाळी कोमट पाणी सांगितल्यापासून ती विजेची किटली वापरते. आई म्हणाली, "शेजारीण मेली काय मायी? सातले दार नाही उघडलं त ते येते ना धावत." मुद्दा बिनतोड होता. मी गप्प बसलो.

गेल्या दिवाळीनंतर शेजारीण मुलाकडे अकोल्याला राहायला गेली. घराला कुलूप. मग घरात नेटची सोय करून मी हजारेक रुपयांचा वाय-फाय प्लग आणला. सोळा अँपिअरचा, दीड हजार वॅटच्या किटलीला दहाचा लावू नका, तो चालतो पण तापतो. किटली आणि भिंत यांच्यामध्ये तो बसवला. किटलीनं लाईन ओढली की माझ्या फोनवर घंटी वाजते. त्याचाही सर्व्हर कुठंतरी लांब आहे आणि उद्या ती कंपनी बसली तर माझा टेस्टर तिथंही चालणार नाही. मघाशी मी त्यावर एवढं बोललो ते मला मान्य आहे. तरी बसवला.

सकाळी सहा-सव्वासहाला घंटी वाजते. पहिल्या महिन्यात एकदा वाजली नाही. मी घाबरून फोन केला. आई म्हणाली, "लाईन गेलती. गॅसवर केलं पाणी. काहून रे?" मी खरं सांगितलं, की घंटी वाजली नाही म्हणून फोन केला. ती म्हणाली, "असं हाय काय?"

त्यानंतर या महिन्यात दोनदा घंटी वाजली नाही. दोन्ही वेळा मी फोन केला. आम्ही बराच वेळ बोललो, तुरीबद्दल, नातवाच्या नोकरीबद्दल, गुडघ्याबद्दल. शेवटी मी विचारलं, लाईन नव्हती का? म्हणाली, "होती. बटन बंद राह्यलं वाटते."